कांडवेलीचे उंदीर

तेनालीत डॉक्टर अड्डेपल्ली शेषगिरींना न ओळखणारा माणूस विरळा, आणि शेषगिरी ज्याला माणसात धरत असा माणूस त्याहून विरळा. कालव्याच्या पुलाला लागून त्यांची पॅथॉलॉजी लॅब. खाली लॅब, वर घर. सकाळी मुगाचा पेसरट्टू डोसा खाऊन ते जिना उतरत ते आंबट ढेकर आल्यासारखा चेहरा घेऊनच, आणि काउंटरपुढे बसलेल्या लोकांना बघून तो चेहरा आणखी वाकडा होई. लघवी लोणच्याच्या बरणीत आणणारे, उपाशीपोटी या म्हटलं तर "दोनच इडल्या खाल्ल्या" म्हणणारे, रिपोर्ट आधी मेडिकलवाल्याला दाखवून मग डॉक्टरकडे जाणारे. सर्जन लोकांबद्दल तर बोलायलाच नको. गावातल्या एका नामांकित सर्जनानं एकदा एका बाईचं पित्ताशय स्टीलच्या जेवणाच्या डब्यातून पाठवलं होतं, झाकणाला आतून गोंगुऱ्याच्या भाजीचा हिरवा डाग. ही गोष्ट शेषगिरींनी वर्षानुवर्षं सांगितली, आणि दर वेळी शेवटी म्हणाले, "आणि हा माणूस लोकांची पोटं फाडतो."

इतकी तुच्छता पोसायला माणसाकडे काही भांडवल लागतं. शेषगिरींकडे ते होतं. रेपल्लेकडच्या एका हेडमास्तरांचा हा मुलगा गुंटूरच्या सरकारी कॉलेजातून पॅथॉलॉजीत सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला होता. पुढे सरकारी नोकरीत असताना एका बाळंतिणीच्या मृत्यूचा रिपोर्ट वरिष्ठांनी "जरा मऊ करून" मागितला. तरुण शेषगिरींनी नकार दिला. त्यांची बदली जंगलातल्या एका दवाखान्यात झाली, तिथं सूक्ष्मदर्शक सोडा, वीजही धड नव्हती. त्यांनी राजीनामा टाकला आणि तेनालीत येऊन दुकान मांडलं. त्या एका नकारावर त्यांनी पुढची तीस वर्षं ताठ मानेनं काढली. कुणी लबाडी केल्याचं कानावर आलं की ते तो प्रसंग सांगत. बायको कामेश्वरी तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जाई.

नंतर हायवेला फार्मसी कॉलेजं उगवली. आधी तिथं कोंबड्यांच्या शेड होत्या. कॉलेजं आली तशी पीएचडीची आणि एम.फार्मची पोरं आली, आणि पोरांबरोबर उंदरांची हृदयं आली. प्रयोग सगळ्यांचा एकच. पांढऱ्या उंदरांना महिनाभर कुठल्यातरी झाडपाल्याचा अर्क पाजायचा, मग हृदयाचे स्नायू मारणारं औषध टोचायचं, मग उंदीर मारून त्याचं हृदय बाटलीत घालायचं आणि शेषगिरींकडे आणून द्यायचं. शेषगिरींचा तंत्रज्ञ मस्तान वली ते मेणात बसवी, त्याचे पातळ काप काढी, रंगवून काचपट्टीवर चढवी. शेषगिरींनी सूक्ष्मदर्शकातून बघून लिहायचं की झाडपाल्यानं हृदय वाचलं की नाही.

वाचायचंच. शेवग्याच्या पाल्यानं वाचलं, केळफुलानं वाचलं, कांद्याच्या सालींनी वाचलं, बांधावरच्या गवतानंही वाचलं. पहिली दोन-तीन वर्षं शेषगिरींनी प्रत्येक पट्टी बघितली होती. मग त्यांच्या ध्यानात आलं की "काही फरक दिसत नाही" असं लिहिलं की पोरं रडत येतात, त्यांचे गाईड फोन करतात, आणि पुढच्या वर्षी तेच कॉलेज तोच अर्क जास्त डोसमध्ये देऊन परत दारात हजर. त्यांना या लोकांचा वीट आला. उंदीरवाले म्हणत ते त्यांना. उंदीरवाल्यांसाठी डोळे फोडायचे कशाला? बाटल्या नेहमी एकाच क्रमानं येत: एक नंबर निरोगी, दोन नंबर नुसतं विष दिलेले, तीन नंबर नेहमीचं औषध दिलेले, चार आणि पाच झाडपाल्याचे, कमी आणि जास्त डोस. शेषगिरींनी पाच परिच्छेद कंप्युटरवर ठेवून दिले होते. झाडाचं नाव बदलायचं, छापायचं, सही ठोकायची. पट्ट्या बघितल्या तर बघितल्या.

"या जिल्ह्यात असं झुडूप उरलं नाही ज्यानं उंदराचं हृदय वाचवलं नाही," ते मस्तानला म्हणत. "माणसंच तेवढी मरतात."

मस्तान खाली मान घालून काप काढत राही. आपल्या सहीनंच ती झुडपं औषधी झाली हे शेषगिरींच्या मनात येतच नसे. त्यांचा हिशोब साधा होता: लबाडी मागणारे लबाड, आणि आपण त्यांना तुच्छ लेखतो म्हणजे आपण त्यांच्यातले नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी मेरुगु सुवार्ता लॅबमध्ये आली. पस्तिशीची, काळीसावळी, खांद्याला जड पिशवी. हायवेवरच्याच एका कॉलेजात शिकवत होती आणि तिथल्या प्रिन्सिपॉलच्या, डॉ. कोल्ला जनार्दन राव यांच्या, हाताखाली पीएचडी करत होती. नाव ऐकल्याबरोबर शेषगिरींनी तिचं गाव, गल्ली आणि चर्च मनातल्या मनात ठरवून टाकलं.

"सुवार्ता म्हणजे चांगली बातमी ना?" ते म्हणाले. "घाबरू नकोस. चांगलीच बातमी लिहून देऊ. झाड कुठलं?"

"नल्लेरु, सर. कांडवेल."

"हाडं जोडायची ती? आता हृदयही जोडायला लागली का?"

"जनार्दन सरांचं तसं म्हणणं आहे."

"त्यांचं म्हणणं मला माहीत आहे. मागं एकदा याच वेलीचे त्यांचे उंदीर आले होते, मीच लिहून दिलं. कांडवेलीची चटणी मीही खातो, घशाला खाज येते तेवढीच." त्यांनी मस्तानकडे बोट दाखवलं. "तिथं ठेव."

सुवार्तानं पिशवी सोडली नाही. "सर, एक सांगायचंय. बाटल्यांवर एक ते पाच आकडे आहेत, पण गट मी उलटसुलट केलेत. कुठला आकडा कुठल्या गटाचा ते मी सांगणार नाही. तुम्ही बघून लिहा, मग मी जुळवून बघीन."

"हो, हो. सगळे असंच लिहितात. 'परीक्षकाला गट माहीत नव्हते.' मलाही ते वाक्य पाठ आहे."

"मी लिहायसाठी नाही केलं, सर. खरंच केलंय."

"बरं बाई. पुढच्या शुक्रवारी ये."

आणि त्यांनी पेपर उघडला. मस्ताननं ते ऐकलं होतं. पट्ट्या तयार करून त्यानं ट्रे टेबलावर ठेवला तेव्हा तो एकदा म्हणालासुद्धा, "सर, या बाईंनी खरंच मिसळलेत म्हणे." शेषगिरी म्हणाले, "उंदीरवाल्यांनी सांगितलं आणि तू ऐकलंस." शुक्रवारी सकाळी त्यांनी एक नंबरची एक पट्टी लावली, भिंगात डोळा घातला न घातला, तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी रक्ताचा रिपोर्ट चुकला म्हणून भांडायला लागलं. ते उठून गेले. भांडून परत आले ते कंप्युटरवर बसले, झाडाचं नाव बदललं आणि छापून टाकलं.

सुवार्तानं तो कागद तिथंच उभ्यानं वाचला. मग पर्समधून एक चिठ्ठी काढली, दोन्ही शेजारी धरून बघितली आणि परत घडी घातली. शेषगिरी एका म्हाताऱ्याला शुगरबद्दल झापत होते. तिनं ते संपेपर्यंत वाट बघितली.

"सर, तुम्ही पट्ट्या बघितल्या नाहीत."

लॅबमध्ये तो म्हातारा होता, त्याची सून होती, मस्तान होता.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही एक नंबरला निरोगी लिहिलंय. एक नंबरच्या उंदरांना मी नुसतं विष दिलं होतं. दोन नंबरला 'स्नायूंचा व्यापक नाश' लिहिलंय. ते माझे निरोगी उंदीर आहेत, सर. त्यांना मी पाण्याशिवाय काही दिलं नव्हतं."

शेषगिरींनी तंत्रज्ञाच्या टेबलाकडे बोट रोखलं. "पट्ट्या चढवताना अदलाबदल झाली असेल. मस्तान!"

मस्तान जागेवरून हलला नाही. "माझ्याकडून नाही झाली, सर. मेणाच्या प्रत्येक वडीवर आकडा कोरलाय. आणून दाखवू?"

"मग तुझीच यादी चुकली असेल," शेषगिरी सुवार्ताला म्हणाले. "तुम्ही लोक उंदरांची शेपटं तरी नीट मोजता का? तीस वर्षं मी हे काम करतोय. सरकारी नोकरी लाथाडली मी, खोटं लिहायचं नाही म्हणून. आणि आता तू मला शिकवणार?"

"मी शिकवत नाही, सर. तुम्हाला पकडायचं म्हणूनही केलं नाही. मला माझाच भरवसा नव्हता. मनात धरलेलंच डोळ्यांना दिसतं, म्हणून मिसळले. इतके उंदीर स्वतःच्या हातानं मारलेत मी, काहीतरी कळण्यासाठी मारले असं तरी वाटायला हवं ना." ती सावकाश बोलत होती, वर्गात फळ्याजवळ उभं राहून बोलावं तशी. "तुम्ही बघितलं नाहीत तर नाही म्हणा. मी दुसरीकडे जाईन."

"जा ना मग. कोण अडवतंय."

तिनं तो कागद काउंटरवर ठेवला आणि निघून गेली. पट्ट्यांचा ट्रे तिथंच राहिला. म्हाताऱ्यानं सुनेला हळूच विचारलं, "म्हणजे माझी शुगर तरी बघितली का यांनी?"

त्यानंतर शेषगिरी जे बडबडायला लागले ते आठवडाभर थांबले नाहीत. जेवताना, जिना चढताना, मस्तानच्या डोक्यावर उभं राहून. पोरगी उद्धट आहे. कोट्यातून आलेली. जनार्दननं मुद्दाम पाठवली असणार. या लोकांना बोलायचा पोच नसतो. मस्तान एक शब्द बोलला नाही, आणि तेच शेषगिरींना सगळ्यात जास्त लागलं. वीस वर्षं "हो सर, हो सर" म्हणणारा माणूस आता नुसता काप काढत होता. ट्रेवर त्यानं धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलं होतं. शेषगिरी त्या टेबलाकडे पाठ करून बसत.

पुढच्या रविवारी दुपारी कामेश्वरी चिंच भिजत घालताना ओट्याला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. शेषगिरींनी रक्तदाब बघितला आणि पट्टा सोडून परत बांधला, कारण आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना.

"गोळी घेतलीस ना सकाळी?"

कामेश्वरीनं चिंचेचं भांडं बाजूला सरकवलं.

"अगं, विचारतोय मी."

"उगादीच्या सणापासून बंद केलीय."

"बंद? कुणी सांगितलं बंद करायला?"

"नल्लेरुचा काढा घेतेय. सकाळ-संध्याकाळ. रक्तदाबालाही चांगला आणि हृदयालाही. शेजारची सीतारत्नम पण घेते. त्या जनार्दन गारूंच्या कॉलेजानं गोळ्याही काढल्यात त्याच्या, पण मी म्हटलं कुंपणावर वेल आहे तर विकत कशाला."

शेषगिरी हसले. फार वाईट हसले. "तीस वर्षं पॅथॉलॉजिस्टच्या घरात काढलीस आणि कुंपणावरची वेल ओरबाडून पितेस. अडाण्यांनीही तुझ्याकडून शिकावं. कुणा भोंदूनं सांगितलं तुला हे?"

"तुम्ही."

"मी?"

"केबलवर जनार्दन गारू बोलत होते ना, उगादीच्या आधी. ते म्हणाले, आम्ही नुसत्या गप्पा मारत नाही. तेनालीच्या डॉक्टर शेषगिरींनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहून दिलंय की हृदय वाचतं." कामेश्वरीनं पदरानं तोंड पुसलं. "टीव्हीवर तुमचं नाव पहिल्यांदाच ऐकलं मी. सीतारत्नमला हाक मारून बोलावलं. म्हटलं, आमचे हे. ते कुणासाठी खोटं लिहीत नाहीत, नोकरीसाठीसुद्धा नाही लिहिलं."

शेषगिरी उभे होते ते खुर्चीवर बसले. मग उठून त्यांनी डब्यातून गोळी काढली, पाण्याचा पेला भरला आणि दोन्ही बायकोपुढे धरलं. कामेश्वरीनं गोळी गिळली. "म्हणजे काढा नको?" तिनं विचारलं. "नको," ते म्हणाले. "का? तुम्हीच तर लिहिलंय." तिला पलंगावर झोपवून, डॉक्टर मित्राला फोन करून ते खाली उतरले. रविवार असल्यानं लॅब बंद होती. त्यांनी खिडकी उघडली, ट्रेवरचं फडकं काढलं आणि एक नंबरची पहिली पट्टी भिंगाखाली सरकवली.

हृदयाचे स्नायू त्यांनी शेवटचे नीट कधी बघितले होते ते त्यांना आठवेना. निरोगी हृदयात गुलाबी तंतू शेजारी शेजारी धावतात, फांद्या फुटून एकमेकांत मिसळतात, आणि मधोमध जांभळी केंद्रकं असतात. एक नंबरमध्ये तसं काही नव्हतं. आतल्या अस्तराजवळ तंतू तुटून सुजले होते, मधे पाणी साचून फटी पडल्या होत्या आणि त्या फटींतून काळसर ठिपक्यांसारख्या पेशींचा घोळका घुसला होता. आंधळ्यालाही दिसावं इतकं उघड. याला आपण 'निरोगी' लिहिलं. दोन नंबरची पट्टी लावली. एकसंध, स्वच्छ हृदय. याला 'व्यापक नाश'. पहिल्या वर्षाच्या पोरानं असं लिहिलं असतं तर शेषगिरींनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं आणि वरून आईबाप काढले असते.

ते एकेक पट्टी लावत गेले. प्रत्येक गटात सहा उंदीर होते, आणि ते एकाही उंदरावर घाई करू शकत नव्हते, इतकी त्यांना आता स्वतःची धास्ती वाटत होती. दोनदा त्यांनी आधी बघितलेली पट्टी परत लावून बघितली. तीन नंबर एक नंबरसारखाच तुटलेला. चार नंबरमध्ये नाश होता पण थोडा, कडेकडेला. यांना काहीतरी खरं औषध मिळालं होतं. पाच नंबर मात्र एक नंबरपेक्षाही वाईट. त्यातल्या दोन हृदयांत तर टोकाकडचा भाग जवळजवळ सगळाच गेला होता. तीन, चार आणि पाच कुठल्या गटाचे हे त्यांना माहीत नव्हतं. पण विष, खरं औषध आणि निरोगी बाजूला काढले तर उरतंय काय, हे कळायला सुवर्णपदक लागत नव्हतं.

सोमवारी त्यांनी स्वतः सुवार्ताला फोन केला. ती कॉलेज सुटल्यावर आली. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही, कारण ते आठवलंच नाही त्यांना. नवा रिपोर्ट पुढे केला. या वेळी हातानं लिहिलेला, प्रत्येक उंदराबद्दल वेगळा.

तिनं चिठ्ठी काढून जुळवलं. "एक नंबर विष. दोन निरोगी. चार नंबर नेहमीचं औषध. बरोबर आहे, सर. तीन माझा कमी डोस." तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पाच जास्त डोस."

"पाच फार वाईट आहे."

"दिसतंय." तिचा चेहरा उतरला. शेषगिरींना वाटलं होतं की ही आता जिंकल्यासारखी हसेल, आणि त्या हसण्यावर काय बोलायचं तेही त्यांनी तयार ठेवलं होतं. "मला वाटत होतं थोडं तरी वाचेल," ती म्हणाली. "माझी आई मिरची यार्डात काम करायची. छातीत दुखायला लागलं की नल्लेरुच खायची. म्हणून विषय घेतला मी. सरांनी दिला म्हणून नाही."

"आई कशी आहे?"

"गेली."

शेषगिरींनी खुर्ची पुढे सरकवली तेव्हा ती निघायला वळली होती. "त्या दिवशीबद्दल," ते म्हणाले, आणि पुढं त्यांना जमेना. "मस्तानची चूक नव्हती," एवढंच त्यांनी सांगितलं.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं, सर," सुवार्ता म्हणाली.

दोन दिवसांनी डॉ. जनार्दन राव स्वतः आले. गुळगुळीत माणूस, खादीचा कुडता, हातात पूतरेकुलू मिठाईचा खोका. खुर्चीवर बसून त्यांनी आधी कामेश्वरीची चौकशी केली, मग शेषगिरींच्या पाठदुखीची, मग हवेची.

"मुलीनं काहीतरी घोळ घातलाय," ते शेवटी म्हणाले. "अर्क जुना झाला असेल. उंदीर आजारी असतील. अननुभवी आहे ती. तुम्ही मागचाच रिपोर्ट ठेवा, आम्ही गटांचे आकडे त्याप्रमाणे लावून घेतो. काही अडचण नाही."

"तुम्हाला नसेल."

"शेषगिरी गारू, आपला इतक्या वर्षांचा संबंध. किती झाडं केली आपण मिळून."

"तेच मोजतोय मी सध्या."

"हे बघा, कांडवेल आहे, सायनाइड नाही. लोक शेकडो वर्षं खातात. गोळ्या घेऊन कुणाचं वाईट होणार आहे?"

"माझी बायको रक्तदाबाची गोळी बंद करून तुमचा काढा पीत होती. माझ्या सहीवर."

त्यावर जनार्दन रावांनी जे केलं ते शेषगिरी कधी विसरले नाहीत. ते मनापासून हसले. "म्हणजे 'माझ्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नका' असं तुम्ही घरी सांगितलं नव्हतं? मला वाटायचं, आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे." त्यांनी खोका पुढे सरकवला. "तुमच्या पाच परिच्छेदांचं आमच्या स्टाफरूममध्ये केवढं कौतुक आहे. पोरं सही व्हायच्या आधीच रिपोर्ट पाठ म्हणून दाखवतात. चांगला, मनमिळाऊ माणूस म्हणतात तुम्हाला सगळे. आता या वयात कशाला तत्त्वांच्या मागं लागता?"

आयुष्यभर दुसऱ्यांकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर शेषगिरींना पहिल्यांदाच समोरून आली. इतकी वर्षं ते उंदीरवाल्यांना तुच्छ लेखत होते, आणि उंदीरवाले स्टाफरूममध्ये बसून त्यांच्यावर हसत होते. मनमिळाऊ! त्यापेक्षा त्यानं शिवी दिलेली परवडली असती.

"खोका उचला," ते म्हणाले. "आणि माझं नाव परत केबलवर घेतलंत तर मी तिथं येऊन बोलीन."

"काय बोलाल? की मी न बघता सही करत होतो?"

"हो. तेच बोलीन."

जनार्दन राव हसत हसतच गेले, खोका मात्र घेऊन गेले.

शेषगिरींना केबलवर बोलायला मिळालं नाही. चॅनलवाल्यानं दोनदा 'बघू' म्हटलं आणि तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. कांडवेलीच्या गोळ्या विकल्या जात राहिल्या, फक्त जाहिरातीतून त्यांचं नाव गेलं आणि विजयवाड्याच्या एका डॉक्टरचं आलं. जनार्दन रावांच्या कॉलेजाचे उंदीर त्याच्याकडेच जायला लागले. बाकीच्या कॉलेजांना शेषगिरींनी नवा नियम सांगितला: गट मिसळून आणा, मला सांगू नका. वर्षभरात तीही तिकडेच वळली, तिथं रिपोर्ट त्याच दिवशी मिळायचा. लॅबमध्ये परत नुसते शुगरवाले आणि लोणच्याच्या बरण्या राहिल्या. शेषगिरींची जीभ काही गोड झाली नाही. कामेश्वरी सांगते की उलट आणखी कडवट झाली, फक्त आता त्या जिभेच्या तावडीतून ते स्वतःही सुटत नाहीत. सीतारत्नमला काढा सोडायला लावण्यासाठी ते तीन वेळा तिच्या घरी जाऊन भांडून आले. चौथ्या वेळी तिनं दार उघडलं नाही.

रविवारी दुपारी ते खाली बसायला लागले. जुन्या पट्ट्यांची लाकडी खोकी माळ्यावर होती, वर्षानुवर्षांची. मस्तान त्यांच्या आकड्यांवर कागद चिकटवी आणि पट्ट्या पिसून देई. रविवारी यायची त्याला सक्ती नव्हती. तो आपण होऊन यायचा, आणि हळूहळू परत बोलायलाही लागला. शेषगिरी एकेक झाड परत बघत. बहुतेकांत काही नव्हतं. ज्यांच्यात नव्हतं त्या कॉलेजांना त्यांनी कळवलं. कुणाचं उत्तर आलं नाही. एका माजी विद्यार्थ्यानं फोन करून "सर, आता माझं प्रमोशन झालंय, कृपा करून गप्प बसा" असं सांगितलं.

सुवार्तावर जनार्दन रावांनी विषय बदलायची सक्ती केली. तिनं बदलला नाही. दोन वर्षं तिचा प्रबंध कपाटात पडून राहिला, नोकरीही गेली. मग विशाखापट्टणमच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापक बाईंनी तिला आपल्या हाताखाली घेतलं. अखेर तोंडी परीक्षा झाली त्या संध्याकाळी तिचा शेषगिरींना फोन आला.

"झालं, सर. दिली पदवी."

"बरं झालं. काय विचारलं?"

"एका परीक्षकानं विचारलं की पॅथॉलॉजीच्या दोन रिपोर्टांत इतका फरक कसा. दोन्ही जोडले होते मी."

"दोन्ही?"

"हो. सांगितलं, पहिल्यांदा न बघता लिहिलं, दुसऱ्यांदा बघून लिहिलं."

"माझं नाव घेऊन?"

"नाव कागदावरच होतं, सर."

पलीकडे समुद्राकडच्या वाऱ्याचा आवाज येत होता, ती बहुधा रस्त्यावर उभी होती. "मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, दुसऱ्यांदा बघणारे फार नसतात. आणि पुढचा प्रश्न विचारला." मग तिनं विचारलं, "मस्तानभाई सांगत होते, तुम्ही जुन्या पट्ट्या बघताय. एखादं तरी झाड लागलं का?"

"छे. सगळा कचरा आहे," शेषगिरी म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "एका पेटारी नावाच्या झुडपाच्या मुळांबद्दल थोडी शंका आहे. सहातल्या चार हृदयांत काहीतरी दिसतंय. पण उंदीर कमी आहेत, आणि ज्यानं पाजलं तो गाढव होता. तुझ्याकडे उंदीर ठेवायला जागा आहे का तिकडे?"